टाकायची रोपं

पुण्यात नारळाचं रोप घ्यायचं तर डोक्याला फारसा ताप नसतो. सोलापूर रस्त्याला लागायचं, हडपसर मागे टाकायचं आणि लोणी काळभोरपासून उरुळी कांचनपर्यंत कुठेही गाडी बाजूला घ्यायची. रोपवाटिकांची रांगच आहे. जास्वंद, मोगरा, शोभेचे पाम, आंब्याची कलमं, आणि पुढच्या ओळीत, येणाऱ्याच्या नजरेत भरतील अशी नारळाची रोपं. काळ्या पिशवीत अर्धा नारळ मातीबाहेर, वर हिरवीगार पाती, शेजारी हाताने रंगवलेली पाटी: ‘केरळ जात. तीन वर्षांत फळ.’ थोडी घासाघीस करायची, दोन रोपं मागच्या सीटवर आडवी घालायची, शेंडे खिडकीतून बाहेर आले तर येऊ द्यायचे. झालं काम.

मी विचारलं, “दादा, ही रोपं कुठल्या झाडाची?”

“नारळाची, मॅडम.”

उत्तर चुकीचं म्हणता येत नव्हतं. मग मी फोड करून विचारलं: बियाण्याचे नारळ कुठल्या बागेतले, त्या माडांना वर्षाला किती फळ धरतं, नारळ रुजत कधी घातले होते. माणूस भला होता. त्याने चहा मागवला आणि सांगितलं, “गाडी येते. आम्ही तयार रोपंच घेतो. इथे नुसतं पाणी मारतो.” मग माझी दया आली असावी. म्हणाला, “तुम्हाला सगळ्यात उंच काढून देतो ना. बघा हे, छातीला लागतंय.”

छातीला लागणारं ते रोप मी घेतलं नाही. ते का घेतलं नाही हे सांगायला जरा घाट उतरावा लागेल.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं आणि माझ्या मामाच्या वाडीतले निम्म्याहून जास्त माड घेऊन गेलं. प्रवासाला मोकळीक मिळाल्यावर ताम्हिणीतून उतरून गेले तेव्हा वाडीत ऊन होतं. लहानपणापासून त्या वाडीत भर दुपारीही सावलीच पाहिलेली. आता विहिरीच्या कठड्यावरून थेट समुद्राकडचं आभाळ दिसत होतं. पोफळी तर आडव्याच झाल्या होत्या. काही माड उभे होते, पण शेंडा पिळवटलेला. मामा म्हणाला, “हे मेलेत. त्यांना अजून कळलं नाही इतकंच.” पुढच्या काही महिन्यांत एकेक करून त्यांच्या झावळ्या खाली आल्या आणि नुसती खांबं उरली.

माडाला शेंडा एकच. आंब्याची फांदी मोडली तर खालून दुसरी फुटते, माडाला तसं काही नाही. सगळी वाढ त्या एका कोंबातून, तो गेला की झाड गेलं. आणि हीच गोष्ट नवी लागवड करतानाही आडवी येते. मामाचे हापूसही पडले होते, पण त्यांची चिंता त्याला नव्हती. हवी त्या झाडाची काडी घ्या, कोयीच्या रोपावर बांधा, तोच आंबा पुन्हा हजर. माडाला कलम नाही, गुटी नाही, डोळा बांधणं नाही. ऊतीसंवर्धनाचे प्रयोग कित्येक वर्षं चालू आहेत, पण केळीसारखी नारळाची प्रयोगशाळेतली रोपं शेतकऱ्याच्या दारात आलेली नाहीत. म्हणजे नारळ रुजत घालायचा आणि जे उगवेल ते पदरात घ्यायचं.

त्यात आपला बाणवली माड, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लावतात ती उंच जात, परागीकरणाला परक्यावर अवलंबून. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, फुटली की आधी नरफुलं उमलून झडून जातात आणि मादीफुलं तयार होतात ती नंतर. एकाच पोयीत दोघांची गाठ पडत नाही. पराग येतो तो वाऱ्याने किंवा मधमाश्यांच्या पायांवरून, शेजारच्या नाहीतर चार वाड्या पलीकडच्या माडावरून. तेव्हा नारळाचा बाप कोण हे सांगता येत नाही. आई मात्र सांगता येते. आपल्या हातात निवड एवढीच, आणि ती करायची असेल तर नारळ झाडावर असतानाच करायला हवी. गाडीतून उतरलेल्या रोपाला कितीही फिरवून पाहिलं तरी आई दिसत नाही.

मामाने ठरवलं, रोपं बाहेरून आणायची नाहीत. उभ्या राहिलेल्या माडांतूनच बियाणं काढायचं. पंचाहत्तरीच्या माणसाला हा उद्योग कशाला, असं मामीचं मत होतं. “तुझ्या वयाला ठेंगणी जात लाव. तीन-चार वर्षांत शहाळं तरी पिशील.” बाणवलीला पहिली पोय यायलाच सहा-सात वर्षं. पण एकदा धरायला लागला की साठ-साठ वर्षं देतो. ठेंगण्यांचं आयुष्य त्या मानाने कमी, पाण्याचे आणि देखभालीचे नखरे जास्त. मामाने दोन ठेंगणे लावले, मामीसाठी. बाकी सगळे बाणवली.

मातृवृक्ष, म्हणजे ज्याचे नारळ बियाण्याला घ्यायचे ते माड, निवडायची वेळ आली तेव्हा आमचं भांडण झालं. मामाच्या मनात पहिल्यापासून एक माड ठरलेला होता: न्हाणीघराच्या मागचा. पेंडींवर पेंडी. लहानपणी आम्ही त्याच्याखाली खेळायला गेलो की आजी ओरडायची, कारण नारळ कधी डोक्यात पडेल याचा नेम नसायचा. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या आणि केरळातल्या कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेच्या शिफारशी वाचून गेले होते. दोन्हीकडे स्पष्ट म्हटलेलं: घराला, गोठ्याला, उकिरड्याला लागून असलेल्या माडाचं बियाणं घेऊ नये. मामाला हे अजिबात पटेना. “अगो, सगळ्यात जास्त धरतो तो माड सोडून दुसऱ्याचं बियाणं घेऊ?”

धरतो, पण कशामुळे धरतो? घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी बारा महिने त्याच्या मुळाशी जातं, वर भांड्यांची राख, भाताचं धुवण. तो माड भरपूर देतो हे खरं, पण ते देणं त्याच्या रक्तातलं की न्हाणीच्या पाण्यातलं, हे बाहेरून ओळखता येत नाही. रोपाला वारशात न्हाणी मिळणार नाही. वाडीच्या मधोमध, चार माडांसारखंच खतपाणी खाऊन जो त्या चौघांपेक्षा जास्त देतो, तो खरा. मामा दोन दिवस माझ्याशी शेतीवर बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन वाडीत गेला आणि वर बघत एकेका माडाखाली उभा राहायला लागला.

त्यानंतरची ती सकाळ मी विसरणार नाही, कारण वीस-पंचवीस वर्षं त्या वाडीत जाऊनही मी माडाच्या शेंड्याकडे कधी नीट पाहिलेलं नव्हतं. मामाने दाखवलं. चांगल्या माडाचा शेंडा छत्रीसारखा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि त्यात तीसहून जास्त उघडलेल्या झावळ्या असतात. झावळीचा देठ आखूड आणि जाड हवा, पेंडीचा दांडाही आखूड, म्हणजे भरलेली पेंड खालच्या झावळीच्या देठावर टेकते, लोंबकळत राहत नाही. खोडावरचे वण जवळजवळ हवेत. दोन वणांत अंतर फार असेल तर तो माड नुसता उंचीच्या मागे लागलेला. नारळ मध्यम आकाराचा, गोलसर. लांबट, चिंचोळ्या नारळांचा माड बाद. ज्याच्या पेंडीत दरवेळी दोन-चार वांझ नारळ निघतात तोही बाद, मग बाकीचे कितीही सुरेख असोत. वर्षाला शंभराच्या घरात नारळ, पाणी नसलेल्या जागेत ऐंशी, आणि हे एका वर्षाचं नव्हे, वर्षानुवर्षांचं. एक वर्ष लगडायचं आणि दुसऱ्या वर्षी रुसायचं, हे चालत नाही.

आकडे मात्र मामाकडे नव्हते. ते होते नारळ काढायला येणाऱ्या गड्याकडे, आणि तेही डोक्यात. विहिरीजवळचा कधी रिकामा जात नाही, कुंपणावरच्या दोघांची बोंडं फार गळतात, अमक्याचं खोबरं पातळ. कुठल्याही संशोधन केंद्राला हेवा वाटावा अशी नोंदवही त्या माणसाच्या डोक्यात होती आणि तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. शेवटी मूठभर माड उरले. त्यांच्या खोडाला मामाने चुन्याचा पट्टा मारला. न्हाणीमागच्याला मारला नाही.

बियाण्याचे नारळ काढायचे ते फेब्रुवारी ते मे या दिवसांत, अकरा-बारा महिन्यांचे पक्के झालेले. त्या वर्षी मामाने गड्याला पेंड दोराने खाली सोडायला लावली. एरवी नारळ धपाधप खाली पडतात आणि कुणाला काही वाटत नाही, खाण्याच्या नारळाचं बिघडतही नाही. बियाण्याचा मात्र आतून दुखावला जाऊ शकतो, विशेषतः जमीन कडक असेल तर. गडी कुरकुरला, दुप्पट वेळ लागतो म्हणून. मजुरीही दुप्पट लागली.

मग सावलीत, वाळूत, देठाची बाजू वर करून नारळ मांडले. वरूनही वाळू, म्हणजे आतलं पाणी सुकत नाही. उंच जातीला ही दोन महिन्यांची विश्रांती मानवते. ठेंगण्याला अजिबात नाही, त्याचे नारळ काढल्यावर पंधरवड्या-महिन्यात रुजत घालावे लागतात. पाऊस तोंडावर आला तेव्हा मामा एकेक नारळ कानाशी धरून हलवत बसला. खळखळ वाजला तर ठीक. वाजलाच नाही तर तो बाजूला, मामीच्या चुलीकडे.

वाफे दीड मीटर रुंद, पाणी तुंबणार नाही असे उंचावर, दोन नारळांत फूटभर अंतर. हे अंतर वाचायला क्षुल्लक वाटतं. सोलापूर रस्त्यावरचं ते छातीला लागणारं रोप मला परत आठवलं ते इथे. जागा वाचवायला नारळ खेटून लावले, वर दाट सावली केली, की रोपं उजेडासाठी एकमेकांवर चढाओढ करत उंच होतात. मान बारीक, पानं लांबुळकी. गिऱ्हाईकाला ती तालेवार दिसतात. नारळाच्या रोपात बघायची असते ती मान: बुंध्याचा घेर. वर्षभराच्या रोपाचा तो १० ते १२ सेंटीमीटर हवा, पानं सहा ते आठ, आणि त्यातलं शेवटचं एखादं पान फाटून त्याच्या पात्या सुट्या व्हायला लागलेल्या हव्यात. कोवळ्या रोपाचं पान अखंड असतं. ज्याचं लवकर फाटतं ते पुढे लवकर फुलावर येतं.

रुजण्यालाही मुदत असते. उंच जातीचे नारळ साधारण दोन महिन्यांपासून कोंब दाखवायला लागतात आणि चार-साडेचार महिन्यांत बहुतेक रुजून होतात. जे लवकर रुजतं तेच पुढेही तरतरीत निघतं. पाच-सहा महिने होऊनही जो नारळ गप्प आहे, तो उकरून काढायचा. मामीला या उकरलेल्या नारळांत रस होता, कारण थोडेफार रुजून कोंब बाहेर न काढलेले असले की आत तो पांढरा, स्पंजासारखा गोड गोळा असतो. नारळ रुजताना हाच गोळा आतल्या पोकळीत वाढत जातो आणि खोबरं शोषून वरच्या कोंबाला पोसतो. रोपाचे पहिले काही महिने मुख्यतः या आईच्या शिदोरीवरच निघतात. म्हणून तर सुरुवातीला सगळी रोपं सारखीच टवटवीत दिसतात. फरक पडतो नंतर.

तो फरक पडल्यावर जे करायचं, ते मामाच्या घरात सगळ्यांना जड गेलं. नियम सांगतो की शंभर नारळ लावले तर लावणीयोग्य रोपं साठ-पासष्टच धरावीत. उरलेली पस्तीस-चाळीस काही मेलेली नसतात. त्यातली बरीच चांगली हिरवी असतात. फक्त उशिरा रुजलेली, मानेला बारीक, किंवा पान फाटायचं नाव न घेणारी. मामा मामीची शिवणाची टेप घेऊन वाफ्यात बसला आणि एकेका रोपाची मान मोजत गेला. आठ. नऊ. साडेअकरा. आठ. साडेअकराच्याला काडीची खूण. बाकीची उपटून ढिगात.

“जिवंत रोप टाकायचं?” मामी म्हणाली. तिने चार-पाच उचलून परसात लावायला नेलीदेखील.

मामाने ती परत आणली. मग ढिगातल्या प्रत्येक रोपाचा कोंब कोयत्याने छाटला. मला त्या क्षणी हे क्रूर वाटलं आणि तसं मी म्हणाले. त्यावर तो जे बोलला ते मला पुण्यातल्या कुठल्याही रोपवाटिकेत ऐकायला मिळालं नव्हतं. “छाटलं नाही तर उद्या कुणीतरी फुकट मिळतंय म्हणून घेऊन जाईल. त्याच्या दारात ते पन्नास वर्षं उभं राहील. त्याला वाटेल, माझी जमीनच वाईट.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. नव्वद नारळ देणारा माड आणि चाळीस देणारा माड, दोघांना खड्डा तेवढाच, खत तेवढंच, पाणी तेवढंच, काढणीची मजुरीही तेवढीच. वर्षाला पन्नास नारळांचा फरक, पन्नास वर्षांत अडीच हजार. हे नुकसान कुठल्याही एका दिवशी दिसत नाही, त्यामुळे त्याचा पंचनामा कुणी करत नाही. वादळाचा तरी होतो. माझं स्पष्ट मत असं झालंय की रोपवाटिकेची पारख ती किती रोपं विकते यावरून करूच नये, किती टाकते ते विचारावं. आणि टाकलेल्यांचे पैसे चांगल्या रोपाच्या किमतीत धरलेले असले तर कुरकुर न करता द्यावेत. आपण रोपामागे शंभर-पन्नास रुपये वाचवतो तेव्हा रोपवाल्याने न टाकलेलं रोपच आपण घरी आणत असतो.

संकरित रोपांच्या बाबतीत तर ही टाकाटाकी आणखी मजेदार आहे. उंच आणि ठेंगण्या माडांचा संकर केला की संतती दोघांहून सरस निघते, हे आपल्याच देशात सिद्ध झालं. निलेश्वरच्या नारळ संशोधन केंद्रावर पटेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे संकर केले होते. पुढे कासरगोडहून चंद्रसंकरा, केरासंकरा अशा जाती आल्या. चंद्रसंकराची आई चौघाट ऑरेंज ड्वार्फ, म्हणजे नारिंगी फळांची ठेंगणी, आणि बाप उंच बाणवली. या नारिंगी आईचं रोप स्वतःच्याच परागाने झालं असेल तर त्याच्या पानाचा देठ नारिंगी येतो. उंच माडाचा पराग लागला असेल तर देठ तपकिरी-हिरवट. रोप वाफ्यात असतानाच बाप ओळखता येतो असा हा सोपा प्रसंग, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दोन डोळे पुरतात. नारिंगी देठाची रोपं या ओळीतून काढून टाकायची. आता गंमत अशी की नारिंगी देठाचं रोप दिसायला जास्त देखणं असतं. ‘हायब्रीड’ म्हणून विकलं जाताना मी ते पुण्यात पाहिलंय, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच निवडत होतं.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर कोंब फुटलेल्या नारळाबद्दलही बोलते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दर एक-दोन वर्षांनी कुणाच्या तरी देवघरातल्या नारळाला कोंब येतो. शुभ मानतात, आणि मानावंही. मग तो कुंडीत जातो, कुंडीतून सोसायटीच्या कुंपणाला, विजेच्या तारेखाली. हा नारळ मार्केट यार्डातून आलेला असतो. तिथे नवा, सापसोल, पालकोल, मद्रास अशा नावांनी आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूचा माल उतरतो. तो खाण्यासाठी काढलेला, सोललेला, ट्रकमधून आदळत आलेला. बियाण्याचा नारळ असोला, म्हणजे न सोललेला लागतो, कारण ती वरची जाड सोडणंच ओल धरून ठेवतात. तरीही काही चिवट नारळ रुजतात, त्यांचं कौतुक आहे. पण ‘आमच्या नारळाला दहा वर्षं झाली, फळ का धरत नाही?’ असं जिन्यात अडवून विचारणाऱ्याला मी काय सांगणार? त्यात पुण्याचा उन्हाळा कोरडा, समुद्राची दमट हवा नाही, कुंपणाच्या भिंतीत मुळांना जागा नाही. मी हल्ली “पाणी वाढवा” एवढं सांगते आणि वर निघून जाते.

मामाची रोपं २०२२ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लागली. साडेसात मीटरवर एक, मीटरभर खोल खड्डा, तळाशी वाळू नि सोडणं. पहिली दोन वर्षं गेंड्या भुंग्याशी लढण्यात गेली. वादळात पडलेली खोडं गावभर कुजत होती आणि हा भुंगा कुजक्या लाकडात नि शेणखतात वाढतो. तारेचा आकडा घालून कोंबातून भुंगे ओढून काढायचं काम मामा संध्याकाळी चहानंतर करायचा, आणि चहा गार झाला म्हणून मामीवर ओरडायचा. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. तो वेगळा लेख होईल.

यंदा एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. विहिरीवरची मोटर सुरू होत नाही, गुणगुणते नुसती. गावातल्या वायरमनच्या मते कपॅसिटर गेलाय आणि हवा तो माणगावात मिळाला नाही. मी म्हटलं, पाऊस दीड महिन्यावर आलाय, फळावर तर एकही रोप नाही, तोवर बादलीने शिंपा थोडंसं. तर मामाने मलाच माझं पुस्तक वाचून दाखवलं. माडाची पोय बाहेर दिसते त्याच्या सुमारे ३२ महिने आधी शेंड्याच्या पोटात ती धरलेली असते. त्यानंतर नारळ पक्का व्हायला आणखी बारा. एकूण ४४ महिने. ताणाचं वर्ष गेलं की त्याचा हिशेब तीन-साडेतीन वर्षांनी पेंडीत लागतो, आणि तोवर त्या उन्हाळ्याची आठवणही कुणाला नसते. “पहिली पोय तू म्हणतेस तशी अठ्ठावीस-एकोणतीसला येणार ना? मग ती आत्ता आत काय करत असेल?”

मी दुपारची सुट्टी टाकून बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने मोटर किती हॉर्सपॉवरची असं विचारलं, ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मामाला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, तीनची, आणि दोन घे, एक जास्तीचा राहू दे.